ताटात टाकून उठणं

दादा, तुम्ही ज्या वयात गेलात, त्या वयाचा मी या आषाढात झालो. तुमची जन्मतारीख कुणालाच नीट ठाऊक नव्हती, त्यामुळे थोडं इकडंतिकडं असेल. पण आईनं सांगितलेल्या खुणा जुळवल्या तर वय तेच निघतं. शेवगावच्या स्टँडसमोरच्या आपल्या हॉटेलात, भज्यांचा घाणा कढईत असताना, हातातला झारा तसाच धरून तुम्ही खाली बसलात आणि उठला नाहीत. लोक म्हणाले, भाग्याचं मरण आलं, कुणाची सेवा घ्यावी लागली नाही. मी तेव्हा नगरला कॉलेजात शिकत होतो. (गावाच्या पाट्यांवर आता अहिल्यानगर असतं, पण आपल्याकडचे कंडक्टर अजून नगरच ओरडतात.) मला त्या मरणात काही भाग्य दिसलं नव्हतं आणि आता तर ते मला माझंच मरण वाटतं. कारण माझं अंग बापाचं, तुमचंच आहे, दादा. तीच जाड मान, पट्ट्यावरून ओघळणारं तेच पोट, जिना चढताना मध्येच थांबून भिंतीवरचं कॅलेंडर बघत असल्याचं तेच सोंग.

गेल्या थंडीत मी पुण्याला जाऊन पोटाचं ऑपरेशन करून घेतलं. तुम्हाला हे कसं सांगावं तेच कळत नाही. जठराचा बराचसा भाग कापून काढतात आणि आत एक अरुंद नळी उरते. त्यात वाटीभर अन्नसुद्धा एका वेळी मावत नाही. साखर वाढलेली होती, झोपेत श्वास अडकत होता, हृदयाच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून बायकोला बाहेर बसायला सांगितलं होतं. तुम्ही ऐकलं असतं तर म्हणाला असता, "पोटच कापलं? मंग आता जेवायचं कशात, लेका?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर खदाखदा हसला असता. हे डोळ्यांसमोर येतं आणि मलाही हसू येतं, पण ते फार टिकत नाही.

मी आयुष्यभर बोलत आलो. कारखान्याच्या संचालकांसमोर, त्यांच्याच मंडपात उभा राहून, वजनकाट्यावर मारल्या जाणाऱ्या उसाबद्दल बोललो. अंगात आणणाऱ्या बाबांच्या गावात जाऊन बाबांविरुद्ध बोललो. एकदा दगडही आला, कानाजवळून गेला, मी वाक्य पूर्ण केलं. भीती कशाला म्हणतात ते मला पुस्तकांतून माहीत होतं. आता रोज दुपारी चार वाजता चहाची वेळ होते, स्वयंपाकघरात डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज येतो, आणि वक्ता म्हणवणारा हा माणूस बाहेरच्या खोलीत खुर्चीचे हात घट्ट धरून बसतो.

तुम्ही मला कधी शाबास म्हणाला नाहीत. तुमच्या तोंडात तो शब्दच नव्हता. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिला आलो तेव्हा ढाल काखेत घेऊन पळत हॉटेलात आलो. गिऱ्हाइकांची गर्दी होती. तुम्ही ढालीकडं पाहिलं नाही, फडक्यानं बाकड्याचा कोपरा पुसलात आणि म्हणालात, "घसा सुकला आसंल. बस हितं." मग आपल्याकडं तेव्हा फक्त बाजारच्या दिवशी होणारी जिलेबी त्या दिवशी माझ्या एकट्यासाठी झाली. तुम्ही पाकातून काढून एकेक ताटलीत टाकत होतात आणि मी खात होतो. बाजूचा एक म्हातारा म्हणाला, "मालक, पोराचं पोट फुटंल." तुम्ही म्हणालात, "फुटू द्या. लई बोल्लाय त्यो." तेव्हापासून भाषण संपलं की मला भूक लागते. टाळ्या थांबल्या की पोटात खड्डा पडतो. डॉक्टरांनी कातरून टाकला तो पोटाचा एक तुकडा. हा खड्डा कुठं असतो ते त्यांच्या फोटोत दिसत नाही.

आणि तो दुसरा दिवसही आठवतो. कॉलेजच्या सुट्टीत मी गावात सभा घेतली होती, दुष्काळी कामांवरच्या मजुरांच्या भुकेवर बोलायचं होतं. घाईत अर्धी भाकरी ताटात ठेवून उठलो. तुम्ही माझं मनगट धरलंत. तुमचा हात कायम गरम असायचा. "भुकेवर बोलाया चाल्ला ना? मंग ही टाकली कुनासाठी? बस खाली. आधी ही खा, मंग जगाला शिकव." मी बसलो. खाल्ली. उशिरा पोचलो, आणि माझ्या मते त्या दिवशी मी आयुष्यातलं पहिलं खरं भाषण केलं. त्यानंतर ताटात कण टाकला नाही. पुढं हा माझा विषयच झाला. लग्नांच्या पंगतीत उभा राहून मी उष्ट्या ताटांबद्दल बोललो आहे, यजमान कानकोंडे होईपर्यंत. ते चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. ज्या तालुक्यात टँकरची वाट बघत बायका उभ्या राहतात तिथं अन्न टाकणं हा गुन्हाच आहे.

पण ऑपरेशननंतर आहाराच्या बाईंनी पहिली गोष्ट काय सांगितली असेल? "सर, पोट भरल्याची खूण आली की घास हातात असला तरी खाली ठेवायचा. ताटात राहिलं तर राहू द्यायचं." मी मान डोलावली. जग बदलायला निघालेल्या माणसाला एवढं काय अवघड, असं वाटलं.

घरी आलो तशी माणसं बघायला येऊ लागली. आपल्याकडं आजाऱ्याला बघायला कुणी रिकाम्या हातानं येतं का? बिस्किटं, खारी, डिंकाचे लाडू. मी जसजसा उतरत गेलो तसतसे डबे वाढत गेले, कारण लोकांना मी बरा होताना दिसत नव्हतो, वाळताना दिसत होतो. पाथर्डीकडचा एक जुना कार्यकर्ता डोळ्यांत पाणी आणून बायकोला म्हणाला, "वहिनी, काय वो ही दशा सरांची! रोज तूप घालून शिरा द्या, म्हैना-पंधरा दिसात भरत्याल." बायको म्हणाली, "भाऊ, भरले होते म्हणूनच रिकामे करून आणलेत." तो हसला नाही. लाडवांचा डबा ठेवून गेला.

दादा, या नव्या पोटाचा एक विचित्र कावा आहे. भाकरी जात नाही. बाजरीची तर नाहीच, दोन घासांत छातीच्या मधोमध दगड बसतो, तोंडाला फेस येतो, बेसिनकडं धावावं लागतं. उसळ नीट चावली नाही तर तेच. पण बिस्किट, खारी, शेव, जे तोंडातच विरघळतं, ते कुठंही अडत नाही. पोट भरल्याची खूणसुद्धा देत नाही, सरसर खाली उतरतं. जे अन्न मला जगवणार ते आत यायला तयार नाही, आणि जे तुमच्यासारखं मला झाऱ्यासकट खाली बसवणार त्याला दार सताड उघडं. पोट पुन्हा ताणलं जाऊ शकतं, वजन पुन्हा चढू शकतं, आणि दुसऱ्यांदा कापणं सोपं नाही, हे डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. त्यांचा तो शांतपणा मला रागावण्यापेक्षा जास्त लागला.

मुलगा चाकणच्या कंपनीत असतो, शनिवारी येतो. घरात आम्ही दोघं, सून आणि पहिलीतली नात. सुनेनं सरळ सुचवलं होतं, "बाबा, असलं काही वर्षभर घरात आणायलाच नको." बायको म्हणाली, कपाटाला कुलूप लावू. मी पेटलो. स्वातंत्र्यावर बोललो. कुलूप माणसाला सुधारत नाही, फक्त चोर करतं, असं म्हणालो. एका म्हाताऱ्याच्या पोटासाठी लेकराचं बालपण आळणी करायचा कुणाला अधिकार नाही, असंही म्हणालो. बायको पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता ती म्हणाली, "हे स्टेज नाही, ओटा आहे. टाळ्या मिळणार नाहीत." पण कुलूप लागलं नाही. मी जिंकलो. वादात मी नेहमीच जिंकतो.

मग आखाड लागला. या वर्षी आपल्याकडं कढई ठेवायची नाही असं ठरलं होतं. पण आखाड तळला की लेकीच्या सासरी डबा जातोच. सुनेचा भाऊ पारनेरहून मोटारसायकलवर आला आणि कापण्यांचा हा एवढा डबा ठेवून गेला. गुळाच्या पाण्यात मळलेल्या, वरून खसखस लावलेल्या, खुसखुशीत. माहेरचा डबा परत कसा पाठवायचा? शेजारी वाटून टाकला तर तिच्या आईला काय वाटेल? सुनेनं डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. मीच म्हणालो, राहू दे. नातीला शाळेतून आल्यावर दोन-तीन देत जा. मी काही डब्याला हात लावणार नाही. आणि मी लावला नाही, दादा. शपथेवर सांगतो.

मी ताटलीला हात लावला. पोरगी अर्धवट खाऊन खेळायला पळायची, ताटलीत एखादी कापणी, एखादा तुकडा राहायचा. ती ताटली मोरीत जाणार, म्हणजे अन्न टाकलं जाणार. मी उचलून तोंडात टाकायचो. मनात खाण्याचा विचारसुद्धा नसायचा, उलट आपण काही योग्य करतोय असं वाटायचं. सकाळी तिच्या दुधातलं भिजकं बिस्किट, दुपारची कापणी, रात्रीचा वरणभातावरचा तुपाचा घास. काट्यावरचं वजन आधी थांबलं, मग उलटं फिरलं. डॉक्टरांनी फोनवर विचारलं, "घरात गोड, तळलेलं काही खाताय का?" मी ठणकावून सांगितलं, "नाही. डबासुद्धा उघडलेला नाही." आणि फोन ठेवताना मला खरंच वाटत होतं की मी खरं बोललो.

परवा दुपारी नात ताटली घेऊन माझ्याजवळ आली. ताटलीत तिन्ही कापण्या होत्या. एकीलाही दात लागलेला नव्हता. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आजोबा, आज मी सगळ्या तुम्हाला ठेवल्या."

"आणि तू?"

"मला नको. तुम्हाला डब्यातलं चालत नाही ना, ताटलीतलं चालतं. आईला नाही सांगायचं." आणि तिनं डोळा मारायचा प्रयत्न केला. तिला एक डोळा मिटता येत नाही, दोन्ही मिटतात.

दादा, तेव्हा मला कळलं. हे पोर उपाशी राहून मला भरवत होतं आणि त्याबरोबर लपवायला शिकत होतं. उद्या मी असाच कुठंतरी खाली बसलो, तर हिला मोठी झाल्यावर आठवेल की आजोबांना मी रोज काय देत होते. ही कल्पना मला सहन होत नाही. माझ्या मरणापेक्षा जास्त सहन होत नाही. मी सुनेला हाक मारली आणि पोरीच्या देखत सगळं सांगितलं. कापण्या टाकायला गेलो, तर हात उचलला जाईना, म्हणून ताटली सुनेच्याच हातात दिली. तिनं ती घेतली. मग म्हणाली, "बाबा, तिनं टाकलेलं पोटात घालणं म्हणजे अन्न वाचवणं नाही. ते तिकडं खरकट्याच्या बादलीत जातं नाहीतर इकडं तुमच्यात. तुम्ही बादली आहात का?" पोरगी रडायला लागली. तिला वाटलं, तिचंच चुकलं.

आता तिची ताटली ओट्यावरच असते आणि लगेच धुतली जाते. सून काल डबाही शेजारी द्यायला निघाली होती. मी तिला थांबवलं. तिच्या डोळ्यांतलं माहेर दिसलं म्हणून थांबवलं असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला बादली म्हणवून घ्यायचं नव्हतं. मी काय लहान मूल आहे का, असं तावातावानं म्हणालो. पुन्हा जिंकलो.

आज तिघीही श्रीरामपूरला बारशाला गेल्यात. मी गेलो नाही, तिथं पंगत असणार. बायको निघताना दारात घुटमळली, मी तिला हातानंच जा म्हटलं. जाताना तिनं माझं दुपारचं ताक आणि मुगाचं धिरडं झाकून ठेवलं होतं. ते मी खाल्लं, सावकाश, सांगितल्याप्रमाणे. भूक अजिबात नाही. डबा स्वयंपाकघरात फळीवर, डाळीच्या डब्यामागं आहे. मला दिसत नाही, पण खसखशीचा आणि गुळाचा वास इथपर्यंत येतोय, किंवा मला तसं वाटतंय.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही आणि मी ते कुणाला दाखवणारही नाही. तुमची आठवण आली म्हणून लिहायला बसलो असं वर कुठं वाटलं असेल, तर ते तसं नाही, दादा. माझा उजवा हात गुंतलेला राहावा म्हणून मी लिहितोय. डाव्या हातानं कागद दाबून धरलाय. श्रीरामपूरहून येणारी गाडी संध्याकाळच्या आत येत नाही, आणि कागद संपत आलाय.