सहकर्जदार

सोनई

प्रिय अश्विनी,

पूर्वी तुला पत्र लिहिताना मी ‘चि. सौ.’ असा मायना लिहीत असे. आता त्यातील अर्धा लिहिता येत नाही आणि अर्धवट काही लिहिणे मला पटत नाही, म्हणून ‘प्रिय’. हे सारे फोनवरही सांगता आले असते, परंतु फोनवर माझी वाक्ये पूर्ण होत नाहीत.

तुझ्यासाठी मी एक जुनी मोटार घेतली आहे. दर शनिवारी पाथर्डीहून तू गाड्या बदलत येतेस. मागच्या खेपेस जीपमधून उतरलीस तेव्हा सृष्टी तुझ्या मांडीवर आणि कोणाची तरी मेथीची जुडी सृष्टीच्या मांडीवर होती. आपल्या सुहासने तुला मोटार चालवायला शिकवले होते, परवानाही काढून दिला होता. तुझ्या आई, पुष्पावतीबाई, गेल्या महिन्यात आमच्याकडे येऊन गेल्या, त्यानंतर हा विचार पक्का झाला. त्या काय म्हणाल्या ते पुढे येईल. आधी मोटारीचे सांगतो, कारण व्यवहार क्रमाने सांगावा.

नगरला मनमाड रस्त्यावर जुन्या मोटारींचे एक दुकान आहे. सोबत शेजारच्या बन्सीला नेले होते. टेम्पो चालवत असल्याने मोटारीतले त्याला कळते, आणि सुहासचा मित्र असल्याने माझा स्वभावही त्याला ठाऊक आहे. दुकानाच्या फलकावर ‘विश्वासार्ह’ हा शब्द चुकीचा रंगवलेला होता. खरे तर तेथूनच परतायला हवे होते. मी चूक दाखवली, तेव्हा दुकानाचा मालक करण हसून म्हणाला, “काका, गिऱ्हाईक बोर्ड नाही बघत, गाडी बघतं.”

पांढरी मोटार पसंत पडली. शिक्षिका असलेल्या सुनेसाठी घेतो आहे, एवढे मी करणला सांगितले. पैसे रोख देतो म्हटल्यावर त्या गृहस्थाचा चेहरा उतरला. रोखीत त्याला कर्जावरची दलाली सुटत नाही. कर्ज काढले तर किंमत कमी लावीन, असे तो म्हणाला. ज्याच्याजवळ पैसे आहेत त्याने कर्ज काढावे, हा तर्क माझ्या आकलनापलीकडचा होता. बन्सी माझ्या कानाशी पुटपुटला, “गुरुजी, ह्यो गडी गाडी न्हाई, लोन इकतोय.” तरीही सूट मिळते म्हणून मी कबूल झालो, ही माझी हाव.

पुढच्या फेरीत फाईलचा खर्च निघाला, त्याच्या पुढच्या फेरीत एक विमा निघाला, आणि त्यानंतर कळले की आधीच्या मालकाचे कर्ज फिटल्याचा दाखला अद्याप आलेलाच नाही. मधल्या काळात मोटारीची चांगली चाके जाऊन गुळगुळीत चाके आली होती. बन्सीने विचारले, “काय वो करणशेठ, टायर चरायला सोडले हुते का?” करणने त्याला चहा पाजला. चाके परत आली.

अखेरीस कर्ज देणाऱ्या कंपनीचा माणूस आला. माझे वय पाहून त्याने पेन खाली ठेवले. हप्ते फिटेपर्यंत मी ऐंशी ओलांडीन, तेव्हा मुलाला सहकर्जदार करा, असे त्याने सुचवले. मुलगा नाही, असे मी म्हणालो. नोकरीला बाहेर असतो का, असे त्याने विचारले. मी चष्मा काढला. बन्सीनेच सांगितले, “त्यो गेला. दोन वर्सं झाली.” करण थोडा वेळ टेबलावरची धूळ पुसत राहिला. मग, तो वाईट माणूस नाही, मदत करण्याच्याच हेतूने म्हणाला, “मग सूनबाईंना घ्या की, काका. शिक्षिका आहेत, पगार आहे. उद्याच्या उद्या काम होईल.”

मी चष्मा खिशात ठेवला आणि उठलो.

परतताना घोडेगावापाशी बन्सीने टेम्पोचा वेग कमी केला. मग त्याने विचारले, “अश्विनीवैनी न्हाई म्हनल्या असत्या व्हय?” मी म्हणालो, “नसत्या म्हणाल्या. म्हणूनच.”

दाखला आल्यावर मी पुन्हा गेलो आणि सूट न घेता पूर्ण रक्कम रोख दिली. करणने माझ्या गळ्यात हार घातला, हातात पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली दिली आणि छायाचित्र काढले. ते आता त्याच्या दुकानातील भिंतीवर आहे म्हणे. नीलांबरीला मोबाईलवर दाखवले, तर ती म्हणाली, “आपल्या लग्नातसुद्धा तुम्ही असेच आंबट तोंड करून उभे होतात.” बऱ्याच दिवसांनी ती हसली.

आता पुष्पावतीबाईंचे. तुमच्या शाळेतील हर्षल यांनी तुला मागणी घातली, सृष्टीलाही त्यांचा लळा आहे, आणि तरी तू नकार दिलास, असे बाईंनी सांगितले. कारण विचारले तेव्हा तू म्हणालीस, “सोनईचे दोघे एकटे पडतील.” अश्विनी, कर्जाच्या कागदावर तुझी सही घेतली असती, तर तू या घराशी आणखी काही वर्षे बांधली गेली असतीस, आणि ते बंधन तू आनंदाने मानले असतेस. आम्हा दोघांना तुझ्या नकाराचे कारण व्हायचे नाही. नीलांबरी रात्रभर रडली आणि सकाळी तिनेच मला हे लिहायला बसवले. शनिवारी बन्सी मोटार घेऊन पाथर्डीला येईल. ती तुझ्या एकटीच्या नावावर होईल, आणि तिच्यावर कोणाचाही बोजा नाही. ती घेऊन सोनईलाच ये, असे मी लिहीत नाही. हर्षल यांच्याशी बोल. पुढे कधी सवड होईल तेव्हा सृष्टीला घेऊन या, तिघेही या. आणि त्यानंतरच्या पत्राचा मायना मला पूर्वीसारखा, पूर्ण लिहू दे.

तुझेच,
अण्णा