झाकणाची शेगडी

वलगाव, शनिवार सकाळ

प्रिय रागिणी,

आईचं पत्र बघून दचकू नको. घरी सगळे धडधाकट आहेत. गाय व्यायली, गोऱ्हा झाला. तुझ्या बाबांचा गुडघा तेवढा कुरकुरतो. जीभ ठणठणीत आहे. आपलं फोनवरचं बोलणं ते वावरात गेले की सुरू होतं आणि त्यांच्या फटफटीचा आवाज आला की तुटतं. तुझ्या लग्नाला दोन वर्षं झाली, दोन वर्षांत तू या घराचा उंबरा ओलांडला नाहीस, आणि तुझं नाव या घरात कोणी मोठ्यानं घेतलं नाही. आज मला सलग बोलायचं आहे, मधे ‘कोनाशी बोलून राहिली वं’ असं कोणी विचारायला नको. अंगणवाडीत इतकी वर्षं अहवाल लिहून हाताला सवय झाली आहे, तेव्हा लांबलं तर वाचून घेजो.

पहिली बातमी म्हणजे मी शेगडी घेतली. कोळशाची, झाकणवाली, परसात उभी राहून भाजता येईल अशी. हस, हस. तुझे बाबा पण हसले. घरात गॅस आहे, पडवीत चूल आहे, कणकेचे रोडगे भाजायला गोवऱ्यांचा ढीग आहे, आणि बाईला या वयात हे काय सुचलं, असं ते गावभर सांगून आले. मी म्हटलं, सांगा. गाव काय माझ्या शेगडीत कोळसा टाकायला येणार आहे?

तुझ्या भावानं, अमोलनं, आधी मला मोबाईलवर ढीगभर शेगड्या दाखवल्या. मग अमरावतीला एका मोठ्या दुकानात नेलं. तिथली लाल रंगाची, चाकांची, दिसायला नवरीसारखी. दुकानातला मुलगा टेरेस पार्टीचं सांगत होता. मी पत्र्यावर अंगठा दाबला तर पत्रा आत गेला. असल्या पत्र्यानं चार वेळा तापलं की वाकायचं, आणि पायांची अवस्था अशी की आपल्या परसातल्या खाचखळग्यांत ती आमच्याआधी लोळण घेईल. त्या मुलानं विचारलं, साहेब सोबत नाहीत का? मी म्हटलं, साहेबांना फक्त खाता येतं.

तिथून परतवाडा रोडवर पुंजाराम वेल्डरकडे गेलो. त्यानं अर्धा कापलेला ड्रम पुढे केला, म्हणाला यातच जाळी टाकून देतो, मावशी, सगळे असंच नेतात. मी ड्रमात डोकं घालून वास घेतला आणि तशीच मागे आले. फवारणीच्या औषधाचा वास मला अंधारातही कळतो, कापसाच्या गावात जन्म गेला. त्यानं धुतला होता, त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, पण तापलेल्या लोखंडातून ते औषध जेवणात उतरलं तर? मी त्याच्याकडून नव्या जाड पत्र्याची करवून घेतली. पाय फाकवलेले, म्हणजे ढकललं तरी पडायची नाही. झाकण घट्ट बसणारं. हवेसाठी एक भोक खाली, एक झाकणावर, दोन्हींवर सरकती पट्टी. राख पडायला खाली वेगळं ताट, आणि उचलता येईल अशी जाळी. दोनदा परत पाठवली. तिसऱ्यांदा आणली तेव्हा पुंजारामच म्हणाला, मावशी, आता ही तुमच्या नातवंडाइले पुरते.

आणि एवढं करून पहिल्या दिवशी फजिती झाली. जन्मभर रोडगे भाजलेली बाई मी. गोवऱ्यांचा विस्तू पडला की त्यात रोडगे पुरायचे, वरून राखेनं झाकायचे आणि गप्पा मारायच्या, हेच माहीत. तसंच इथं केलं. कोळसे पेटले, त्यावर राख पसरली, वांगी आत खुपसली, झाकण लावलं, आणि विस्तू टिकावा म्हणून वरखालची दोन्ही भोकं बंद केली. अर्ध्या तासानं उघडलं तर कोळसा काळाठिक्कर, वांगी थंडगार, नुसती राखेनं माखलेली. तुझे बाबा ओसरीवरून म्हणाले, मुरवत ठेवली काय? मी मनात पक्कं धरलं, की गोवरीचा विस्तू झाकला की टिकतो आणि कोळशाचा झाकला की मरतो. त्याला हवा लागते.

पुढच्या रविवारी नीट केलं. रॉकेल नाही की पेट्रोल नाही, त्याचा वास जेवणाला लागतो. गोड्या तेलाच्या पत्र्याच्या डब्याचं बूड काढून त्यात खाली तुरीच्या वाळक्या तुराट्या, वर बाभळीचा लाकडी कोळसा. इस्त्रीवाला देत होता तो दगडी कोळसा घेतला नाही, त्याचा धूर उग्र असतो. कोळशांवर पांढरी राख धरेपर्यंत हात लावायचा नाही, ही सगळ्यात कठीण गोष्ट, कारण आपल्या लोकांना जाळ दिसला की तवा ठेवायची घाई. मग सगळे कोळसे एका बाजूला सारायचे. कोंबडीच्या तुकड्यांना आधी विस्तवावर रंग आणायचा, मग मोकळ्या बाजूला सरकवून, झाकण लावून, वरचं भोक अर्धं उघडं ठेवून आतपर्यंत शिजू द्यायचं. तुझ्या बाबांनी त्या दिवशी बोलता बोलता दोन वेळा ताट पुढे केलं. कौतुक नाही केलं. तिखट जास्त झालं म्हणाले, आणि हाड चोखत बसले.

आता तुला वाटत असेल, आईला भाजाभाजीचं वेड लागलं. नाही गं. दिवाळीनंतर मी तुझ्याकडे आले होते ना, घरी मावशीकडे जाते सांगून? त्या जुन्या शहरातल्या तुमच्या छोट्या घरात तुझ्या सासूबाईंनी, माणिकबाईंनी, मटण आणि ज्वारीच्या भाकरी केल्या होत्या. त्या स्वतः माझ्या शेजारी बसून जेवल्या. मी तीन भाकरी खाल्ल्या, कारण दोन वर्षांत पहिल्यांदा मला घास गोड लागला. तू आत चहा ठेवत होतीस. मी मोरीवर हात धूत होते, त्या माझ्या हातावर पाणी घालत होत्या. तेव्हा हळू आवाजात म्हणाल्या, “ईनबाई, तुमी आमच्या घरी पोटभर जेवल्या, बरं वाटलं. आता आमाले कधी बोलावता?”

टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. मी मूर्तिजापूर येईपर्यंत गाडीत रडले, आणि बडनेरा येईपर्यंत मला राग आला होता. मांडव परतणीशिवाय पोरीचं लग्न पुरं झालं असं आपल्यात कोणी म्हणतं का? पोरगी येते, जावई येतो, व्याही-विहीण येतात, मटणाचं जेवण होतं, थट्टामस्करी होते. तुझी झालीच नाही. आपण कुणबी, ते बौद्ध, यापलीकडे काही कारण नव्हतं. तुमचं रजिस्टर लग्न झालं त्या दिवशी तुझे बाबा सगळ्यांसमोर बोलले होते, “त्या लोकाईसाठी माह्या घरातली चूल पेटनार नाही.” तुझे मोठे काका, नत्थुजी भासरे, बाजूला मान हलवत बसले होते. त्या एका वाक्यावर दोन वर्षं घर चाललं.

बडनेऱ्याला माझ्या डोक्यात आलं, घरातली चूल नाही ना, मग नाही. परसात तर विस्तू पेटेल! त्यांचा शब्दही मोडत नाही आणि माझे व्याहीही जेवतात. मला माझ्याच हुशारीचा एवढा आनंद झाला की मी एकटीच हसले. शेगडी त्यासाठी होती, रागिणी. शेगडी दोनदा परत गेली, वांगी कच्ची राहिली, धुरानं डोळे सुजले, ते सगळं त्यासाठी होतं.

मग या आठवड्यात मी अमोलला सांगितलं. परसात मागच्या भिंतीला लागून सावली चांगली आहे, तिथं शेगडी आहेच, बाजूला सतरंज्या टाकू, मजेत वनभोजन होईल. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, “आई, तू त्याइले मांगच्या दारी जेवाले बसवशीन?”

मी नवी नवरी होऊन आले तेव्हा तुझ्या आजीनं मला तीच भिंत दाखवली होती. वस्तीतली माणसं कामाला आली की तिथं बसतात, त्यांना वरून वाढायचं, असं सांगितलं होतं. मी वर्षानुवर्षं वरून वाढलं आहे. आणि नेमकी तीच जागा मी माणिकबाईंसाठी निवडली होती, सावली बरी म्हणून. त्यांच्या लक्षात आलं असतं, आणि तरी त्या काही न बोलता जेवल्या असत्या. मला माझी इतकी शरम वाटली की संध्याकाळचा स्वयंपाक अमोलनंच केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेगडी तिथून उचलून विहिरीच्या बाजूला नेली. भाजणं परसातच होईल, कारण घरात धूर कोंडतो. जेवणं घरात होतील. मग तुझ्या बाबांसमोर चहा ठेवला आणि शब्द न चोरता सांगितलं, “रविवारी रागिणीची मांडव परतणी आहे. पंगत बैठकीत बसेल. वरण-भात घरातल्या गॅसवर होईल. तुमचं ताट धर्मपालजी व्याह्यांच्या शेजारी मांडते. बसायचं की नाही ते तुम्ही ठरवा.”

ते चहा तसाच सोडून उठले. नत्थुजींकडे गेले. तासाभरात नत्थुजी आले आणि लोक तोंडात शेण घालतील, पाहुणे तुटतील, पुतणीच्या मागे उरलेल्यांचीही लग्नं अडतील, असं बरंच बोलले. मी डोक्यावर पदर घेऊन ऐकून घेतलं. त्यांना चहा दिला. म्हटलं, भाऊजी, तुमचंही ताट मांडते. ते येणार नाहीत, मला माहीत आहे. त्यांचं ताट तरी मांडणार. तेव्हापासून तुझे बाबा माझ्याशी कामापुरतं बोलतात, आणि खरं सांगते, मला वाईट वाटतं. तीस वर्षांचा संसार आहे, ते काही शत्रू नाहीत माझे. पण बोकडाचं मटण सांगून झालं आहे, भरताची वांगी तोडून ठेवली आहेत, कोळशाचं पोतं पडवीत आहे. आता सगळा गाव दारात येऊन बसला तरी मी मागं फिरत नाही.

आता हे पत्र फोन सोडून का लिहिलं, ते सांगते. तुझ्या समोर अमोल उभा असेल. त्याला पोस्टमन समजू नको. आपल्यात लेकीला फोन करून बोलवत नाहीत, भाऊ मुराळी होऊन न्यायला जातो, तसा तो आला आहे. त्यानं नवा शर्ट घातला आहे, चिडवू नको. धर्मपालजींना आणि माणिकबाईंना त्याच्याकडून रीतसर निमंत्रण घेऊ दे. त्या दोघांनी आणि आमच्या जावयांनी, स्वप्निलरावांनी, उद्या दुपारपर्यंत यायचं. तू मात्र आजच त्याच्यासोबत यायचं, कारण मसाला वाटायला मला माझी लेक पाहिजे. आणि हे लिहीत होते तेवढ्यात अमोल गाडी काढत होता, तुझे बाबा गोठ्यातून आले. माझ्याकडे बघितलं नाही. गोऱ्ह्याच्या पाठीवर हात फिरवत अमोलला म्हणाले, “धर्मपालजीले तिखट किती चालते, ते विचारून येजो. मांगच्या रविवारी हिनं लय टाकलं होतं.” मी पदरानं डोळे पुसले आणि हे वाक्य आधी लिहून घेतलं, उद्या ते नाकबूल झाले तर तू साक्षीला आहेस. तेव्हा तुझ्या सासऱ्यांना तिखटाचं विचार, पिशवी भर, आणि निघायच्या आधी मला फोन कर. बाबा घरीच आहेत.

वाट बघत उंबऱ्यात बसलेली,
तुझीच,
आई