अर्धी वाट नव्हे

मयूर विहार, दिल्ली
रविवार, ५ नोव्हेंबर १९९५

चि. रुचिरा हिस अनेक आशीर्वाद.

माझी प्रकृती ठीक आहे. रक्तदाब आटोक्यात आहे.

प्रथम एक दुरुस्ती. तुझ्या लग्नाच्या दिवशी मी दम लागल्यामुळे अर्ध्या वाटेवरून परतलो, असे कुमुदिनीआत्याने तुला सांगितले. ते चूक आहे. त्यावर तू तिला म्हणालीस, "अर्धी वाट तरी आले ना, आत्या!" काल करोल बागेत तिच्या घरी चहा ओतताना तिने हे मला ऐकवले. तो चहा मला पिववला नाही.

मी पूर्ण वाट चढलो. बसथांब्यापासून टेकडीवरच्या त्या चर्चपर्यंत चार किलोमीटर, देवदारांच्या रानातून. वाळक्या पानांवरून दोनदा घसरलो. येणार नाही, असे तुला लेखी कळवले होते. म्हणून वऱ्हाडाच्या बराच मागे राहिलो.

दाराशी मी देवळात शिरताना काढतात तसे बूट काढले. शेवटच्या बाकावर बसल्यावर ध्यानात आले, की मोज्यांवर मी एकटाच आहे आणि उजवा अंगठा मोज्यातून बाहेर आला आहे. चौकीदार कानाशी वाकून म्हणाला, "पहन लीजिए बाबूजी, यहाँ जूते कोई नहीं चुराता!"

वचने देताना उल्हासचा आवाज कापला, तुझा नाही. तुम्ही दोघे दाराकडे वळलात, तेव्हा मी बूट हातात घेऊन रानात शिरलो होतो.

फाटक्या मोज्याची लाज वाटली, असे मी तीन वर्षे स्वतःला सांगत आलो. ते कारण नव्हे. उल्हास ख्रिस्ती आहे, एवढ्यासाठी मी तुला घर बंद केले होते. तुझ्यासमोर उभे राहून 'मी चुकलो' म्हणण्याचे धैर्य मला झाले नाही. अर्ध्या वाटेची हकीकत आत्याला मीच सांगितली. तिचा दोष नाही.

आता तुम्ही नोएडाच्या नव्या सोसायटीत राहायला आला आहात. माझ्या घरापासून सहा किलोमीटर, आणि चढ मुळीच नाही. नातीला मी अद्याप पाहिलेले नाही.

आत्याने तारखांचाही घोळ घातला आहे. त्या अशा वाचाव्यात :

तुझे लग्न : १७ ऑक्टोबर १९९२, शनिवार. (रविवार नव्हे.)
मी चर्चमध्ये होतो, तो दिवस : तोच.
मी आत्याशी खोटे बोललो : १९ ऑक्टोबर १९९२.
अनुष्काचा पहिला वाढदिवस : १२ नोव्हेंबर. (आत्याच्या वहीत १३ आहे.)
मी तुमच्या दारी येईन, ती तारीख : ही तू घालावीस.

तुझा,
बाबा