गोचिडासाठी दिलेला चिमटा

सर, काल आमच्या गावी खांदेमळणी झाली आणि आज पोळा. काल दुपारी बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळण्याआधी माझे वडील, म्हणजे दादा, अंगणात गोचीड काढत बसले होते. तुम्ही दिलेल्या चिमट्यानं. गोचीड निघाला की डिझेलच्या डबड्यात टाकायचा, की पुन्हा बैलाचा कान उलटा करायचा, आणि मधून मधून बैलाशी गप्पा. गेल्या पोळ्याला हाच माणूस नांदेडच्या दवाखान्यात पडून होता. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काल मला वाटलं, हे तुम्हाला सांगायला पाहिजे. म्हणून लिहायला बसले आहे.

तो उदगीरचा दिवस तुम्हाला आठवायचं कारण नाही, तुमच्या हाताखालून माझ्यासारख्या कितीतरी पोरी गेल्या. पहिलं वर्ष, पशुवैद्यकीय कॉलेजचा गोठा, तुम्ही गाय कशी तपासायची ते दाखवताय. शहरातली मुलं शेपटीपासून लांब उभी, आणि मी बैलांच्या घरातली, मिरवायला कधी मिळतंय म्हणून टपलेली. गाईच्या कानात टरारून फुगलेला गोचीड दिसला. मी तो उपटला आणि दोन अंगठ्यांच्या नखांत धरून टचकन फोडला. घरी आजी तसंच करायची, दादाही तसंच करायचे, आणि आवाज मोठा आला की आम्हा पोरांना शाबासकी मिळायची. रक्त मनगटापर्यंत उडालं. मी हसले आणि तुम्ही ओरडलात, “हात धू आधी! चल!” सगळ्यांसमोर मला नळापाशी नेलंत, माझं बोट उलटसुलट करून पाहिलंत. बोटावर विळ्याची ताजी चीर होती. “ह्याच वाटेनं आत जातंय ते,” तुम्ही म्हणालात. “गाईला काही होत नाही, ती रवंथ करत उभी राहते. ताप माणसाला येतो. मग हिरड्यांतून, नाकातून रक्त. काँगो ताप म्हणतात त्याला.” मीही फटकळच. म्हटलं, “घरी आजी, दादा असेच फोडतात. आजीला तर कधी काही झालं नाही.” तुम्ही साबण माझ्या हातात ठेवलात. “आजीचं नशीब चांगलं. दादांचंही तेवढंच चांगलं आहे का, बघून ठेवलंयस का?” मला इतका राग आला की त्या दिवशी मी मेसमध्ये जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमच्या बॅगेतला चिमटा काढून दिलात. वापरून गुळगुळीत झालेला, एक टोक किंचित वाकडं. “पोळ्याला घरी जाशील तेव्हा दादांना दे,” एवढंच बोललात. दादांनी तो हातात घेऊन पाहिला आणि अंगणभर हसले. “गोचिडाला चिमटा? लगीन हाय का त्याचं?” आई म्हणाली, “आना इकडं, मला लई कामाचा हाय,” आणि त्या दिवसापासून आमच्याकडे त्या चिमट्यानं निखाऱ्यावरचे पापड उलटू लागले. मी परत येऊन तुम्हाला हे सांगितलं तेव्हा वाटलं, आता पुन्हा बोलणी बसणार. तुम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. आईनं दिलेले पापड तिथंच स्टाफरूममध्ये खाल्लेत. मग म्हणालात, “दादांना तापाचं सांगू नको. त्यांना स्वतःची काळजी असती तर शेती केली असती का? बैलाचं सांग. नखानं ओढलं की गोचिडाचं तोंड कातडीत राहतं, तिथं चिघळतं, अळ्या पडतात. चिमट्यानं सरळ उपटलं की बैलाला दुखत नाही.”

माणूस ओळखावा तर तुम्ही. दादांना मी बैलाचं सांगितलं आणि पापडांचा चिमटा गोठ्यात गेला. पुढच्या पोळ्याला दादांनी तुमच्यासाठी पुरणपोळ्यांचा डबा बांधून दिला. “तुझ्या सरला म्हनावं, नख लावीत न्हाई आता. बैल बी खूश हाय.” तो डबा तुम्ही कसा पुसून खाल्लात ते मी पाहिलं आहे. मग दर पोळ्याला डबा ठरूनच गेला.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी दादांना ताप भरला. अंग मोडून आलेलं, डोळ्यांच्या मागे ठणका, आणि मग सकाळी चूळ भरली तर रक्त. सर, मी जनावरांची डॉक्टर, लोह्याच्या दवाखान्यात रोज रक्त बघते, पण मोरीतलं ते लालसर पाणी मी तीनदा वाकून पाहिलं. तुमचं नळापाशी बोललेलं एकेक वाक्य कानात वाजायला लागलं. नांदेडला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न केला, “बाबा, जनावरं आहेत घरी? गोचीड काढता? हातानं मारता?” आई गडबडली. दादांना बोलवत नव्हतं, पण यासाठी त्यांनी मान उचलली. “काढतो. चिमट्यानं. पोरीच्या सरचा हाय.” बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. तरी त्यांनी काँगोची आणि डेंगूची, दोन्ही तपासण्या पाठवल्या, सगळ्यांना हातमोजे घालायला लावले, आईला पदरानं दादांचं तोंड पुसू दिलं नाही. आई रडत म्हणाली, “माझ्याच मानसाला शिवायचं न्हाई का म्या?” रिपोर्ट येईपर्यंत मी बाकावर बसून होते. देवाचं नाव तोंडात येत नव्हतं. एकच गोष्ट धरून बसले होते, की दादांनी वर्षानुवर्षं नख लावलेलं नाही. तेवढाच आधार होता, आणि तो तुम्ही दिलेला होता.

डेंगू निघाला. डेंगू निघाला म्हणून आनंद होणारं आमचंच घर असेल. प्लेटलेट्स घसरल्या, थांबल्या, मग हळूहळू चढल्या. घरी येऊन मी बैलांच्या हौदात वाकून पाहिलं तर वरपासून खालपर्यंत अळ्या वळवळत होत्या. आमच्याकडे पाण्याचा भरवसा नाही, म्हणून दादा हौद कधी रिकामा होऊ द्यायचे नाहीत, वरून भर घालत राहायचे. दादा म्हणाले, “गोचिडावर पहारा ठिवला अन् डास घुसला की वं!” मी तुमचीच युक्ती वापरली. म्हटलं, शिळं पाणी बैलाला बाधतं. आता दर सोमवारी हौद उपसून, काथ्यानं घासून, वाळवून पुन्हा भरतात. उपसलेलं पाणी लिंबाच्या झाडाला जातं, एक थेंब वाया नाही.

सर, मी तुमची फार ऋणी आहे. हे तुमच्यासमोर कधी बोलले नाही, कारण तुम्ही लगेच विषय बदलला असता.

आणि एक राहिलंय. तुम्ही गेलात तेव्हा मी हदगावला पहिल्या नोकरीवर होते. उदगीरला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. पोळा तोंडावर होता. घरी सांगायचं ठरवूनच आले, पण दादांनी सकाळीच डबा बांधून ठेवला होता, वर तुपाची वाटी वेगळी. मी तो पिशवीत ठेवला आणि सांगितलंच नाही. पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. गेल्या वर्षी सलाईन लावलेल्या हातानं माझं मनगट धरून दादा म्हणाले, “औंदा डबा न्हाई जमला. सरला सांग, राग मानू नगा.” मी हो म्हटलं.

आता आतून आईची हाक येतेय, डबा झाकून ठेवलाय म्हणून. मी तो उदगीरला पोचवते असंच दादांना अजून वाटतं. उद्या लोह्याला दवाखान्यात गेल्यावर दार लोटून मीच तो खाणार आहे, दरवर्षीसारखा. आणि संध्याकाळी दादांचा फोन येईल, “सरला आवडल्या का?” मी सांगेन, डबा पुसून खाल्ला.