वायरचा घे

प्रिय तारामती,

तुझा निरोप मिळाला. नव्या कामासाठी वायरचा हेडफोन घ्यावा की ब्लूटूथ, हे विचारायला तुला चौदा महिन्यांनी मी आठवले, याचं आधी बरं वाटलं आणि मग नाही वाटलं. लेक म्हणते वायर आता कोण वापरतं, म्हणून तू बुचकळ्यात पडलीयस. थोडक्यात उत्तर हवं असेल तर वायरचा घे. सविस्तर उत्तर लांब आहे आणि ते फोनवर सांगणं मला जमलं नसतं.

रविवारी मी रीतसर तुलना केली. भावाने दिलेल्या माझ्या हेडफोनला वायरही जोडता येते, त्यामुळे कान तेच, हेडफोन तोच, फरक फक्त आवाज येण्याच्या वाटेचा. नवऱ्याला खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर रुमाल बांधला आणि एकच गाणं दहा वेळा ऐकवलं, कधी वायरने, कधी ब्लूटूथवर. दहापैकी सहा वेळा त्याने बरोबर ओळखलं, आणि त्यातल्या दोनदा वायर खोचल्याचा खट्कन आवाज ऐकू आला होता, हे मागाहून कबूल केलं. म्हणजे छापा-काटाच. मला स्वतःला वायरवर झांजेचा आवाज जरा मोकळा वाटला, ब्लूटूथवर किंचित दाबल्यासारखा. पण तेही मुद्दाम कान देऊन बसलं तर. भाजी चिरताना गाणी ऐकायची असतील तर लेकीचं ऐक. वायर विळीत अडकत नाही, हा फायदा काही लहान नाही.

ध्वनिफिती ऐकून टाइप करायच्या आपल्या कामाची गोष्ट वेगळी. पायाखालचं पेडल दाबलं की आवाज सुरू, सोडलं की बंद; चार शब्द ऐकायचे, टाइप करायचे, पुन्हा दाबायचं. असं दिवसातून हजारदा. माझा हेडफोन ब्लूटूथवर असला की मधल्या शांततेत डुलकी काढतो. पेडल दाबल्यावर तो जागा होईपर्यंत पहिलं अक्षर निघून गेलेलं असतं. मी फोनवर माझ्याच आवाजात शब्द भरून पाहिले. अपूर्ण, असमर्थ, अयोग्य. वायरवर तिन्ही नीट आले. ब्लूटूथवर मी पूर्ण, समर्थ आणि योग्य ठरले. गाण्यातला पहिला ठोका हुकला तर कोणाचं काही अडत नाही. पण आपल्या भाषेतला तो ‘अ’ एवढासा असून अख्खं वाक्य उलटं फिरवतो.

तू हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस. मी नवा हेडफोन मिरवत आले, तेव्हा तू तुझी वायर खुर्चीच्या चाकातून सोडवत होतीस. त्या वायरवरूनच तर मालकांनी तुला तारामती केलं होतं. मान वर न करता म्हणालीस, “हे गाण्यांना ठेव गं. कामाला नको.” मी म्हटलं, “तू बस तारेवर लोंबकळत.” आपण दोघीही हसलो.

आता आपल्याकडे टाइपाला आलेल्या त्या चौकशीबद्दल. गोदामाच्या पहारेकऱ्यावर तीन आरोप होते. ध्वनिफितीत चौकशी अधिकारी त्याची उत्तरं सावकाश नोंदवत होते. कामावर उशिरा येणं, मान्य. रजेचा अर्ज न देणं, मान्य. माल बाहेर काढायला मदत करणं, आणि इथे ते थांबले. मीही पेडल सोडून तेवढं टाइप केलं, पुन्हा दाबलं, आणि मला ऐकू आलं, “मान्य.” तपासणीची सही तुझी असायची. त्या आठवड्यात तुझी आई दवाखान्यात होती, तुला चारला निघायचं होतं. तू विचारलंस, “तिसरा पण मान्यच? नीट ऐकलंस ना?” मी म्हटलं, “अगं, दोनदा ऐकलं.” दोनदा नव्हतं ऐकलं, एकदाच. तू माझ्या शब्दावर सही केलीस आणि निघालीस.

पहारेकऱ्याची नोकरी गेली. चार महिन्यांनी त्याच्या वकिलाने मूळ ध्वनिफीत मागवली, तिच्यात ‘अमान्य’ होतं. त्याला कामावर परत घेतलं, पण मालकांच्या हातून गोदामवाल्यांचं मोठं काम गेलं. त्यांनी आपल्या दोघींना आत बोलावलं, तेव्हा तू एवढंच म्हणालीस, “सही माझी आहे. तपासायला हवं होतं.” “मी विचारलं होतं, हिने खात्री दिली होती,” असं तू म्हणाली नाहीस. मीही म्हटलं नाही. संध्याकाळी तू टेबल आवरलंस. मी तुझ्या पिशव्या खालपर्यंत पोचवल्या आणि वर शहाजोगपणे म्हटलं, “होतं गं असं.”

तोवर मला वाटत होतं की अधिकारीच पुटपुटले असणार. तू गेल्यावर आठव्या दिवशी हेडफोनची बॅटरी संपली, म्हणून वायर जोडली आणि सहज त्याच पानाची ध्वनिफीत पुन्हा लावली. ‘अ’ तिथेच होता, अगदी ठसठशीत. म्हणजे चौदा महिन्यांतले आठ दिवस सोडले तर बाकी सगळे दिवस मला माहीत होतं. माझी नोकरी नुकतीच कायम झाली होती. उद्या सांगू, परवा सांगू, करत मी मूग गिळून बसले.

खरं तर रविवारी मी फक्त हेडफोनपुरतंच लिहून पाकीट बंद करणार होते. पण काल सकाळी मालकांनी तोंडी सांगितलेली पत्रं टाइप करताना कानात तुझं नाव आलं. तू जिथे लागणार आहेस त्यांनी तुझ्याबद्दल विचारलंय, आणि मालकांचं उत्तर होतं, “कामात निष्काळजी, तपासणीसाठी विश्वासार्ह नाही.” ते मला टाइप करायचं होतं. मी उठले, आत गेले आणि सगळं सांगितलं, दोनदा ऐकल्याच्या थापेसकट. त्यांनी ती ध्वनिफीत वायरने आणि ब्लूटूथवर, दोन्ही प्रकारे ऐकली. मग तुझ्यासाठी नवं पत्र सांगितलं. ते चांगलं आहे, दुपारीच गेलं. माझ्याकडून लेखी कबुली घेतलीय. नोकरीचं काय ते सोमवारी कळेल. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून लिहितेय. मालकांनी विचारलं, “एवढे दिवस गप्प का बसलात?” मला उत्तर देता आलं नाही. तू विचारलंस तरी कदाचित येणार नाही. तरी तू येऊन विचारावंस, असं फार वाटतं.

तुझीच,
पलीकडच्या टेबलावरची