उभं ठेवलेलं जहाज

बाबा, तुमच्या त्या कॉम्प्युटरवरच्या, अवकाशातल्या साम्राज्याच्या खेळाचं नवं अपडेट आलंय. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, पण खेळ काही जायला तयार नाही. दर चार-सहा महिन्यांनी त्याचे नियम बदलतात आणि काय काय बदललं याची भलीमोठी यादी निघते. गंमत म्हणजे ती यादी हिंदीत करायचं काम हल्ली माझ्याकडे असतं. लखनऊमधली, हजरतगंजच्या ऑफिसातली नोकरी मी सोडली. आता तेलीबागच्या घरात, तुमच्याच खोलीत, तुमच्याच टेबलाशी बसून पोटासाठी लिहिते की अमुक ग्रहावर आता जास्त लोक राहू शकतील आणि तमुक जहाज आता आणखी लांब जाईल. मराठी त्या कंपनीच्या भाषांमध्ये नाही. तुम्ही असतात तर त्यांना एक खरमरीत पत्र नक्की धाडलं असतंत. या वेळच्या यादीतल्या एका ओळीपाशी परवा माझे हात थांबले. ती ओळ सांगते, पण आधी बाकीचं सांगून घेऊ दे. नुसती ओळ सांगितली तर तुम्ही तिच्यातलं ऱ्हस्व-दीर्घ बघत बसाल.

हा उगाच मारलेला टोमणा नाही. तुम्ही आसामात नवी लाइन टाकायला गेलात तेव्हा मी दुसरीत होते. लखनऊचं क्वार्टर तुमच्याकडेच राहील असं रेल्वेने कबूल केलं होतं, म्हणून आई आणि मी रेल्वे कॉलनीत १७-सी मध्ये राहिलो. ‘दोन वर्षांचा तर प्रश्न आहे,’ म्हणालात. दोनाची चार झाली, मग झारखंडातला पूल आला, मग कुठलासा बोगदा. माझी शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी, दारावरचे सब्जीवाले भैया हिंदी. मराठी बोलायला घरात एक आई आणि लिहायला तुम्ही. मी तुम्हाला पत्रं लिहायची आणि तुम्ही ती लाल बॉलपेनने तपासून परत पाठवायचात. ‘तूम्ही’चं ‘तुम्ही’, ‘पाणि’चं ‘पाणी’, आणि खाली एक ओळ, ‘अक्षरात सुधारणा आहे. शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.’ एकदा मी लिहिलं होतं की आई स्वयंपाक करताना रडते. ते पत्रही परत आलं. ‘स्वयपाक’वर तुम्ही लाल अनुस्वार दिला होतात. बाकी काहीच नाही. मी तेव्हा दहा वर्षांची होते, आणि त्यानंतर तुम्हाला पत्र लिहिलं नाही. आज लिहितेय ते त्यानंतरचं पहिलंच.

आईचं ते स्वयंपाकघर मला आजही जसंच्या तसं दिसतं. हिरव्या जाळीची खिडकी, खिडकीत तुळशीऐवजी कढीपत्त्याचं रोप, आणि दाराशी भिंतीवर फोन, कारण वायर तिथपर्यंतच पुरली होती. रविवारी सकाळी दहाला तुमचा फोन यायचा. मी नववीत आहे. आई मान वाकडी करून खांद्यात रिसीव्हर धरून पोळ्या लाटतेय. ती म्हणते, “अहो, आता पुरे झालं ना. या परत.” साइटवर ओरडून बोलायची तुम्हाला सवय, त्यामुळे तुमचा आवाज थेट माझ्या ताटापर्यंत येतो. “एकदा निघालं की मधून मागे फिरता येत नाही गं. कामाचं तसंच असतं.” आई ‘बरं’ म्हणते. तव्यावरची पोळी करपते आणि ती करपलेली पोळी ती स्वतःच्या ताटात वाढून घेते. हे तुम्हाला माहीत असायचं कारणच नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना तिचं दुखणं निघालं. सात महिने मी तिला घेऊन रिक्षाने दवाखान्याच्या खेपा घातल्या. तुम्ही तीनदा आलात, प्रत्येक वेळी चार दिवसांसाठी, आणि आल्या आल्या रिपोर्टांची फाइल तारखेप्रमाणे लावून ठेवलीत. चौथ्यांदा आलात तेव्हा फाइलचं काम उरलं नव्हतं. तेराव्याला तुमचे एक जुने सहकारी आले होते, तुमच्याबरोबरच आसामात गेलेले आणि दोन वर्षांत परतलेले. मी त्यांना चहा दिला. ते म्हणाले, “बिटिया, हमने तो इनसे कितनी बार कहा, भाभीजी की तबीयत लिखकर एक एप्लिकेशन डाल दो, महीने भर में लखनऊ आ जाओगे। बोले, पहले पुल पूरा हो जाए। ऐसे आदमी अब कहाँ मिलते हैं!” त्यांना वाटत होतं ते तुमचं कौतुक करताहेत. तुम्ही पलीकडच्या खुर्चीत बसला होतात, तुम्ही ते ऐकलंत, आणि कपातला चहा हळूहळू पूर्ण प्यायलात. म्हणजे एका कागदाचं काम होतं आणि ते तुम्हाला माहीत होतं. त्या दिवसापासून मी तुमच्याशी हिंदीत बोलायला लागले. बाबांचे पापा झाले. तुम्ही मराठीत विचारायचं, मी हिंदीत उत्तर द्यायचं. लोकांना वाटायचं, लखनऊची मुलगी आहे, चालायचंच.

मग तुम्ही रिटायर झालात आणि दोन ट्रंका आणि एक पिवळं हेल्मेट घेऊन तेलीबागला राहायला आलात, जिथे तोवर मी एकटीच राहत होते. आल्यावर तुम्ही पाण्याच्या टाकीची पातळी मोजलीत, जिन्याची एक पायरी अर्धा इंच बुटकी असल्याचं जाहीर केलंत, आणि मग तुमच्याकडे काही कामच राहिलं नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी मी तो खेळ खेळायची. तुम्ही माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचात. पहिल्याच दिवशी पडद्याकडे बोट दाखवून म्हणालात, “कॉलनी? रेल्वेची का?” मला हसू आलं होतं, ते मी गिळलं. मग तुम्ही वही घेऊन बसलात आणि मी तुम्हाला सुरुवातीचा डाव समजावला. आधी एक ग्रह, एक शोधजहाज आणि वसाहतीचं एक जहाज एवढंच मिळतं. पहिल्या पन्नास चालींत जो हातपाय पसरेल तोच पुढे टिकतो. शोधजहाज पुढे काढायचं, पाण्याचा ग्रह सापडला की वसाहतीचं जहाज तिकडे सोडायचं. ते उतरलं की मोडून त्याचीच वस्ती होते. शेजारी पोचायच्या आत चिंचोळ्या वाटेवरचा तारा धरायचा, म्हणजे त्याच्या मागचं सगळं आपलं. फार धावलं तर लांबच्या वसाहती कुरकुरतात, रसद पुरत नाही, एखादी फुटूनही निघते, पण ते नंतर बघता येतं. एक वाक्य सोडलं तर हे सगळं मी हिंदीतच सांगितलं. तुम्ही पुलाचं ड्रॉइंग तपासावं तसं ऐकलंत, दोन-तीन प्रश्न विचारलेत, वहीत टिपून घेतलंत. दुसऱ्या दिवशी म्हणालात, “माझ्याही कॉम्प्युटरवर घालून दे.” मी मनात म्हटलं, घ्या, घरदार सोडून पसरत सुटायचा खेळ! यांच्याइतका मुरलेला खेळाडू शोधून सापडायचा नाही.

आणि तुम्ही पसरलातच नाही. तुमच्या ग्रहाला तुम्ही ‘१७-सी’ नाव दिलंत. त्याच्यावर दवाखाना बांधलात, बागा केल्यात, दवाखाना आणखी मोठा केलात. वसाहतीचं जहाज पहिल्या चालीपासून ग्रहाशेजारी उभं. शेजारी वेढा घालत यायचे, सत्तराव्या-ऐंशीव्या चालीला तुमचं राज्य संपायचं, की तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचात. नवा ग्रह, नाव तेच, जहाज तसंच उभं. मध्यंतरी एक अपडेट आलं, ज्यात जास्त वसाहती करणाऱ्याला जाच होता, लोक त्यावर नुसते पेटून उठले होते. तुम्ही ते घ्यायलाच नकार दिलात, म्हणालात, अर्ध्या कामात नियम बदलायचे नसतात. एका रविवारी मला राहवलं नाही.

“पापा, ये जहाज़ कब तक खड़ा रखेंगे? भेज दीजिए न।”

“असू दे गं. दारात उभं आहे, काय खातंय?”

“खाता है। हर चाल में खाता है। ऐसे तो आप कभी नहीं जीतेंगे।”

“बघू.”

तुम्ही दवाखान्याला आणखी एक मजला चढवलात. मला इतका संताप आला बाबा, की आत्ता लिहितानाही कानशिलं तापलीत. मला वाटलं, हा यांचा पश्चात्ताप चाललाय. जन्मभर ज्याने उंबऱ्यात पाय टिकवला नाही, तो आता माउस हातात धरून घर सांभाळतोय. चुकलं असं वाटत होतं तर ते माझ्यासमोर बसून म्हणायचं होतं. एकदा, जेवताना, दोन शब्दांत. तुमच्या शुद्ध मराठीत म्हटलं असतंत तरी चाललं असतं. मी म्हणाले, “असली वाली १७-सी से अस्पताल ले जाने तो कोई नहीं आया था।” मग तुम्ही पुढची चाल दाबलीत. त्यानंतर मी तुमच्या खेळाबद्दल काही बोलले नाही, तुम्हीही नाही, आणि वर्षभरात तुम्ही गेलात.

तुमची ती वही मला टेबलाच्या खणात मिळाली. इन्स्पेक्शनच्या नोंदी ठेवाव्यात तशी, प्रत्येक गोष्टीपुढे ती कुठून कळली ते लिहिलेलं. ‘पाण्याचा ग्रह सर्वप्रथम घ्यावा. माहिती: पुस्तिका.’ ‘शेजाऱ्याशी केलेला करार टिकत नाही. माहिती: स्वतःचा अनुभव.’ आणि पहिल्या पानावर, लाल पेनने दोनदा अधोरेखित केलेलं, ‘वसाहतीचे जहाज एकदा निघाले की मधून मागे फिरवता येत नाही. माहिती: कन्या.’ मी वही मिटून खणात ठेवली ती परवापर्यंत उघडली नाही.

नव्या अपडेटमध्ये एकाच ग्रहाचं राज्यही आता शेवटपर्यंत तग धरू शकेल, अशी सोय झाली आहे. तुमच्यासारखे खेळणारे आणखीही असावेत. ती ओळ मी मुकाट्याने हिंदीत केली. पण त्याच्या खाली ती दुसरी होती, जिच्यापाशी हात थांबले. ‘रास्ते में जा रहे जहाज़ को वापस बुलाने का बटन अब बड़ा और साफ़ दिखेगा। कई नए खिलाड़ियों को यह मिलता नहीं था।’

बटण पहिल्यापासून होतं बाबा. जहाज निघालं की पडद्याच्या कोपऱ्यात दिसतं. तुम्ही जहाज कधी सोडलंच नाही, म्हणून तुम्हाला ते कधी दिसलं नाही. त्या पहिल्या दिवशी वहीवरून मान वर करून तुम्ही विचारलंत, “निघाल्यावर मधून परत बोलावता येतं का गं?” मी वळून तुमच्याकडे बघितलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्हाला मराठीत उत्तर दिलं. एकदा निघालं की मधून मागे फिरता येत नाही. शब्द तुमचेच होते, माझ्या ताटापर्यंत आलेले. तुम्ही चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलंत, जरा जास्तच वेळ, आणि मग लिहून घेतलंत. ते वाक्य कुणाचं हे ओळखलंत की नाही, हे विचारायला मला तुमच्याशी पुन्हा मराठीत बोलावं लागलं असतं. मी बोलले नाही. उलट तुम्हाला अडवून ठेवलं आणि तुम्ही का पसरत नाही म्हणून तुमच्यावरच चिडत राहिले.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही, हे स्वच्छ सांगते. आईच्या वाटणीचं माफ करायचा मला हक्कही नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही. पाठवता आलं असतं तरी तुम्ही ते तपासून परतच धाडलं असतंत. ते तुमच्या वहीत ठेवायचं म्हणून मघाशी वही काढली, तर खणात तुमचं एक लाल बॉलपेनही सापडलं. दोन-चार रेघोट्या ओढल्यावर चाललं. पहिल्या पानावरच्या त्या ओळीपुढे, ‘कन्या’च्या शेजारी, जागा थोडीच होती. तिथे लहान अक्षरात लिहिलं, ‘माहिती खोटी. कन्येला ठाऊक होते.’