घरी बसून पगार

माय, आज त्या माणसानं मला नमस्कार केला नाही. दीड वर्ष रोज करत होता. सकाळी दहाला यायचा, हजेरीच्या रजिस्टरवर सही करायचा, माझ्या दारावरून जाताना हात जोडायचा आणि घरी जायचा. नांदेडच्या आमच्या ऑफिसातला हा भांडारपाल, पावतीवर आलेला माल भांडारात सापडला नाही म्हणून निलंबित आहे. काम काही द्यायचं नाही, पण गाव सोडायचं नाही आणि रोज येऊन सही करायची, असा आदेश आहे. त्याची चौकशी माझ्याकडे आहे. माझा अहवाल गेला की त्याचं काय ते ठरेल. ऑफिसात सगळे मला सांगतात, ‘मॅडम, घाई कशाला करून राहिल्या? निर्दोष निघाला तर मागचा समदा पगार मिळणारच हाय त्याला. घरी बसून पगार, अजून काय पायजे माणसाला?’ असं कुणी म्हणालं की मी फाइल उघडून वाचल्यासारखं करते. अशा वेळी मला तुझ्याशिवाय दुसरं कुणी आठवत नाही.

तुला जाऊन पंधरा वर्षं झाली. तुझं निलंबन त्याच्याही कितीतरी आधीचं, मी बारावीला होते तेव्हाचं. चाकूरकडच्या उपकेंद्रात तू नर्स. वस्तीतली पहिली सरकारी नोकरी तुझी. औषधांचा साठा कागदावर होता तेवढा कपाटात भरला नाही, आणि कपाटाची किल्ली तुझ्याकडे होती, एवढ्यावर तुझं नाव आलं. हजेरीसाठी तुला औसा दिलं. पांढऱ्या साड्या ट्रंकेत गेल्या आणि तू रंगीत साडी नेसून रोज लातूरहून औशाची एस.टी. धरायला लागलीस. दिवाळीच्या सुट्टीत एकदा मी तुझ्यासोबत आले होते. सही दोन मिनिटांत झाली, तरी तू व्हरांड्यातल्या बाकड्यावर पर्स मांडीत घेऊन बसलीस. आतल्या टेबलांवर दोनदा चहा फिरला, बाकड्याकडे काही आला नाही. ‘चल ना आता घरी,’ मी तीनदा म्हणाले. तू म्हणालीस, ‘लवकर गेलं की गल्लीतल्या बाया इचारतात, आज लवकर कसं? पाचच्या गाडीनं गेलं की कुणी काही म्हणत न्हाई.’ गल्लीला सगळं ठाऊक होतं, माय. तुलाही ते ठाऊक होतंच. तरी आपण पाचपर्यंत बसलो.

मग तो ब्लाउजचा दिवस. शेजारच्या खालांनी सहा ब्लाउज शिवायला दिले होते. तू शिवून घडी घालून दिलेस आणि पैसे परत केलेस. खाला दारात उभ्या राहून म्हणत होत्या, ‘बाजी, मेहनत करे तुम, लेव ना.’ तू मान हलवत राहिलीस. मला क्लासची फी भरायची होती, माझं डोकंच फिरलं. खाला गेल्यावर मी म्हणाले, ‘घ्यायचे होते की. कोण बघायला येतंय?’ तू कात्री ठेवलीस. ‘अर्ध्या पगारासाठी दर म्हयन्याला लिहून देते मी, दुसरं काही काम करीत न्हाई म्हणून. खोटं लिहू का? आपल्या मानसाकडं लोक तसंबी दुप्पट बारीक बघतात.’ यावर गप्प बसायला हवं होतं. मी म्हणाले, ‘एवढी खरं बोलणारी, तर मग औषधांचं पण खरं सांग. नेलीस का तू?’

तू रडली नाहीस की चिडली नाहीस. कापडाचे तुकडे गोळा केलेस आणि म्हणालीस, ‘कागद येऊ दे. मग वाच.’ नंतर मला जेवायला वाढलंस, आणि मी जेवले.

कागद यायला अडीच वर्षं लागली. औषधं मुळात केंद्रावर आलीच नव्हती, वरच्या ऑफिसातच सह्या झाल्या होत्या. निलंबनाचा सगळा काळ कामावर असल्यासारखा धरला आणि पूर्ण पगार दिला. पेढे खायला आलेले पाहुणे म्हणाले, ‘नशीब लई चांगलं बाई तुझं, बसून खाल्लंस.’ तू हसलीस. तो कागद तू माझ्या ताटाशेजारी आणून ठेवला होतास. मी डाव्या हातानं उचलला, वाचला, ‘बरं झालं’ म्हणाले आणि वरण मागितलं. माझं चुकलं, एवढे दोन शब्द काही तोंडातून निघाले नाहीत. एवढ्या शहाण्या पोरीला स्वतःच्या आईवर विश्वास ठेवायला सरकारी कागद लागला, याची लाज मला फार उशिरा वाटली. तोवर तू घरातला साखरेचा डबा उघडतानासुद्धा मला हाक मारायला लागली होतीस, ‘बघ गं, किती हाय ते बघून ठेव.’ रिटायर झालीस तरी ती सवय गेली नाही. मी त्यावरून तुझी चेष्टा करायचे.

गेल्या आठवड्यात हा माणूस पहिल्यांदाच माझ्या केबिनमध्ये आला. बसला नाही. ‘मॅडम, देवणीकडं पोरीचं जमून राहिलं होतं. पाहुणे म्हणले, तुमचा कागद आला की बोलू. तुमी काय हाय ते खरं लिवा, पर लवकर लिवा.’ मी ‘चालू आहे’ म्हणाले. काल शिपायाकडून कळलं की पाहुण्यांनी दुसरीकडे जमवलं.

आता तुला खरं सांगते. त्यानं काही केलेलं नाही. ज्या दिवशी तो माल आल्याचं दाखवलंय त्या दिवशी तो रजेवर होता. त्याचा रजेचा अर्ज मला पहिल्याच महिन्यात सापडला. पावतीवर सही आहे ती आमच्या साहेबांची. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर माझ्या हातात. हे सगळं मी अहवालात लिहिलंय. अहवाल अकरा महिने माझ्या कपाटात आहे, फक्त खाली सही नाही. मी लातूरला बदली मागितली आहे आणि तिच्यावर शिफारस साहेबांचीच लागते. रेकॉर्ड मिळत नाही, असं मी वर कळवत असते. पूर्ण पगार मिळणारच आहे त्याला, हे हल्ली मीही म्हणते. परवा एका मीटिंगमध्ये म्हणाले.

पत्राच्या शेवटी ‘उद्या सही करते’ असं तुला लिहायचं, असं ठरवून बसले होते. तसं लिहवत नाही. उद्यापासून दहाऐवजी साडेदहाला ऑफिसात जायचं, तो येऊन गेल्यावर, एवढंच मी ठरवलंय.